वस्तऱ्याचा निसणा सपाट ठेवण्याचीं साधनें व त्यांची निवड

शेतकऱ्याच्या घरांत धारेच्या हत्यारांस तोटा नसतो. विळा, कोयता, कुऱ्हाड, खुरपें, कलमाचा चाकू आणि दाढीचा वस्तरा या सर्वांचें काम धारेवरच चालतें. परंतु या सर्वांची धार एका जातीची नव्हे. विळ्यास ओबडधोबड दगड चालतो. किंबहुना गवत कापतांना थोडी खरखरीत धार उपयोगीच पडते. वस्तऱ्याची गोष्ट निराळी आहे. तो ज्या दगडावर पाजवावयाचा, ज्यास कोणी निसणा, कोणी सहाण, तर कोणी नुसतें धारेचा दगड म्हणतात, तो दगड नुसता बारीक असून भागत नाहीं. तो सपाटही असावा लागतो. वस्तरा कसा पाजवावा हा या लेखाचा विषय नाहीं. निसणा स्वतः सपाट कसा ठेवावा आणि त्या कामीं कोणतें साधन निवडावें, एवढाच मर्यादित विषय येथें घेतला आहे.

शेतकीच्या मासिकांत हा विषय कशाला, अशी शंका कोणी घेईल. तिचें उत्तर असें कीं, आंब्याचें किंवा काजूचें कलम बांधणाऱ्याचा चाकू बहुधा एका बाजूनें सपाट असतो. ती सपाट बाजू सबंध दगडावर टेकवून घासावी लागते. दगड खोलगट असेल तर ती बाजू गोलट होते, काप सपाट येत नाहीं, आणि खुंट व काडी यांच्या सालीखालचे जिवंत थर एकमेकांस नीट भिडत नाहींत. तेव्हां जें वस्तऱ्याच्या निसण्याविषयीं खरें, तेंच कलमाच्या चाकूच्या दगडाविषयींही खरें आहे. शिवाय पुष्कळ घरांत वाडवडिलांच्या वेळचे चांगले निसणे मधें खळगा पडून कोनाड्यांत पडून आहेत. ते टाकाऊ नव्हेत. सपाट केले कीं पुन्हां कामास येतात.

वस्तऱ्यास सपाट दगड कां लागतो

साधा चाकू पाजवितांना त्याची पाठ आपण दगडापासून उचलून धरतों आणि कोन हातानें सांभाळतों. दगडांत थोडा खळगा असला तरी हात त्याप्रमाणें वळतो व काम निभावतें. वस्तऱ्याच्या बाबतींत तसें नाहीं. त्याची जाड पाठ व पातळ धार हीं दोन्हीं एकाच वेळीं दगडावर टेकवावयाचीं असतात. म्हणजे कोन ठरविण्याचें काम हाताकडे नसून पाठीच्या जाडीकडे व पात्याच्या रुंदीकडे असतें. दगड जसा असेल तशीच धार उतरते. हाताच्या कसबानें दगडाचा दोष झांकतां येत नाहीं.

दगड आडव्या अंगानें खोलगट असेल तर सरळ पात्याचीं दोन टोकेंच दगडाच्या कांठांवर टेकतात व मधला भाग अधांतरीं राहतो. टोकें झिजत जातात आणि मधें धार येत नाहीं. उलट दगड मधें फुगलेला असेल तर पात्याचा मधलाच भाग झिजतो व धार आंत वळते. हा दोष अधिक वाईट. कारण आंत वळलेली धार मधल्या भागीं कातडीस नीट लागत नाहीं, आणि ती पुन्हां सरळ करण्यास पात्याचें पुष्कळ पोलाद घालवावें लागतें.

लांबीच्या अंगानें असलेला उथळ खळगा मात्र इतका घातक नसतो. हिशेब सोपा आहे. दगड २०० मिलिमीटर, म्हणजे सुमारें ८ इंच लांब आहे, त्याच्या मध्यभागीं १ मिलिमीटर खोल असा एकसारखा खळगा पडला आहे, आणि वस्तऱ्याच्या पाठीपासून धारेपर्यंतचें अंतर २० मिलिमीटर आहे असें धरूं. या मापानें धारेपाशीं कोनांत पडणारा फरक प्रत्येक बाजूस अंशाच्या दशांशाहून किंचित अधिक येतो. एवढ्यानें वस्तरा बिघडत नाहीं. सांगण्याचा हेतु असा कीं, सपाटीचा ध्यास धरून निसणा उगाच घासून संपवूं नये. प्रत्येक घासणींत दगडाची जाडी कमी होते. एका खेपेस दशांश मिलिमीटर गेला असें धरलें तरी ५ मिलिमीटरांचा थर ५० खेपांत संपतो. निसण्याची जाडी हें मुद्दल आहे. तें काटकसरीनें खर्चावें.

दगडाची परीक्षा व साधनाची परीक्षा

निसणा सपाट आहे कीं नाहीं हें पाहण्याची सर्वत्र रूढ असलेली रीत अशी: दगडाच्या तोंडावर शिसपेन्सिलीनें उभ्या आडव्या रेघा ओढाव्या आणि तो सपाट करण्याच्या साधनावर पाण्यांत घासावा. उंच भागावरील रेघा आधीं पुसल्या जातात, खळग्यांतील शेवटपर्यंत राहतात. सर्व रेघा गेल्या म्हणजे दगड सपाट झाला, असें समजतात.

या समजुतींत एक मोठी फसगत आहे. रेघा गेल्या, यावरून इतकेंच सिद्ध होतें कीं, साधन दगडास सर्व ठिकाणीं लागलें. साधनच वांकडें असेल तर दगड त्याच्यासारखा वांकडा होतो आणि रेघा तरीही जातात. जमीन मोजण्याच्या साखळीचें उदाहरण शेतकऱ्यांस समजण्यासारखें आहे. साखळीच्या कड्या वापरानें ताणतात. ३३ फुटांची म्हणून हातांत असलेली साखळी ३३ फूट १ इंच झाली असेल, तर तिनें मोजलेलें शेत कागदावर लहान भरतें. तीच साखळी पुन्हां लावून कितीही वेळां ताळा घेतला तरी चूक सांपडत नाहीं. कारण चूक शेतांत नसून साखळींत असते. म्हणून मोजणीस निघण्यापूर्वीं साखळी ठराविक मापाशीं ताडून पाहावी लागते. निसण्याचें साधनही तसेंच आधीं तपासावें.

या परीक्षेस एक सरळ पोलादी पट्टी पुरते. सुताराच्या चांगल्या गुण्याची पातीही चालेल. पट्टी खरीच सरळ आहे काय हें पाहण्यासाठीं कागदावर दोन टिंबें काढून पट्टीच्या कडेनें तीं बारीक रेघेनें जोडावीं. मग पट्टी उलटून तीच कड पुन्हां त्याच दोन टिंबांस लावून दुसरी रेघ ओढावी. दोन्ही रेघा एकजीव झाल्या तर पट्टी सरळ. मधें फट दिसली तर ती कड वांकडी समजावी. अशी तपासलेली कड दगडावर लांबींत, रुंदींत आणि दोन्ही कर्णांवर उभी धरावी व मागें उजेड ठेवून पाहावें. कर्णांवरील परीक्षा बहुतेक लोक विसरतात. परंतु दगडास मुरड पडली असेल तर ती तेथेंच दिसते.

किती फरक चालेल, यासाठीं साधा लिहिण्याचा कागद घ्यावा. त्याची जाडी सुमारें एक दशांश मिलिमीटर असते. पट्टी आडवी धरली असतां मधें कागद सहज सरकत असेल तर निसणा सपाट करण्याची वेळ झाली असें समजावें. कागद अडत असेल तर रोजच्या कामास तो निसणा पुरेसा सपाट आहे.

साधनांचे प्रकार

१. हिरकणीची पाटी. धातूच्या जाड पाटीवर हिऱ्याचे बारीक कण निकेलच्या मुलाम्यानें पक्के बसविलेले असतात. प्रयोगशाळेंत हिरा तयार केल्याचें अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें १९५५ सालीं जाहीर केलें. पुढें असे कण कारखान्यांतून निघूं लागल्यावर हें साधन सामान्य कारागिराच्या आटोक्यांत आलें. पाटी झटपट काम करते, घाण करीत नाहीं, आणि तिचें तोंड पुष्कळ दिवस मूळच्या रूपांत राहतें. कणांची जाडी चाळणीच्या नंबरानें सांगतात. नंबर जितका मोठा तितके कण बारीक. १२० नंबरचे कण सुमारें १२० मायक्रॉन, ३२५ नंबरचे ४५, व ६०० नंबरचे २५ मायक्रॉन असतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पाटी विकत घेतांना तिच्यावर पट्टी धरून पाहावी. सर्वच पाट्या सपाट निघत नाहींत. नव्या पाटीवर कांहीं कण इतरांहून उंच असतात व ते निसण्यावर खोल ओरखडे काढतात. यासाठीं ती प्रथम जाड्या, कमी महत्त्वाच्या दगडावर चालवून मग नाजूक निसण्यास लावावी. पाटीवर सुटी पूड कधींही टाकूं नये. ती हिऱ्याभोंवतींचा मुलामा खाते आणि कण गळून पडतात.

२. कांच आणि वॉटर पेपर. हें सर्वांत स्वस्त साधन होय. हल्लींची खिडकीची कांच वितळलेल्या कथलावर तरंगवून करतात. इंग्लंडमधील पिलकिंग्टन कंपनीनें ही रीत १९५९ सालीं जाहीर केली. तीमुळें कांच मोठी सपाट निघते. मात्र ती ८ ते १० मिलिमीटर जाड घ्यावी आणि सपाट बैठकीवर ठेवावी, नाहींतर दाबानें वांकते. ओट्याच्या ग्रॅनाइटचा उरलेला घोटीव तुकडाही पट्टीनें पारखून वापरतां येतो. कांच ओली करून तिच्यावर कागद चिकटवावा व वर पाणी ठेवून निसणा फिरवावा. कागद लवकर बोथट होतो हें खरें. पण याचा गुण असा कीं, झिजणारा भाग कागद असून सपाटी देणारा भाग कांच आहे. कागद बदलला कीं साधन पुन्हां नवें होतें. जपण्याची गोष्ट एकच: कागदाखालीं हवेचा फुगा किंवा खडा राहूं नये, व कागदाची कड वर उचललेली नसावी, नाहींतर निसण्याचे कांठ गोल होतात.

३. कांच किंवा लोखंडी पाट आणि कार्बोरंडमची पूड. अमेरिकेंत एडवर्ड अचेसन यांनीं १८९१ सालीं विजेच्या भट्टींत हा पदार्थ तयार केला. रसायनशास्त्रांत त्यास सिलिकॉन कार्बाइड म्हणतात. कार्बोरंडम या नांवांतील कोरंडम हा शब्द दक्षिण भारतांतील कुरुंद या शब्दावरूनच इंग्रजींत गेला आहे. ही पूड पाण्यांत कालवून पाटावर पसरावी व निसणा तिच्यावर फिरवावा. फार कठीण दगडांस यासारखें साधन नाहीं. दोष दोन. एक, पूड निसण्याबरोबर कांचही खाते. सदा मध्यभागींच घासलें तर कांच मधें खोल होते व तिच्यावरील निसणा फुगीर निघतो. म्हणून कांचेचा सर्व भाग सारखा वापरावा. दुसरा, मऊ निसण्यांत पुडीचे कण रुतून बसतात आणि पुढें वस्तऱ्याची धार ओरखडतात. म्हणून मऊ दगडास पूड लावूं नये.

४. सपाट करण्याचा खरखरीत दगड. बाजारांत खांचा पाडलेले असे दगड मिळतात. ते स्वस्त असतात, परंतु निसण्याबरोबर स्वतःही झिजतात. आज सपाट असलेला दगड चार महिन्यांनीं सपाट असेलच असें नाहीं, आणि नवाही कित्येकदां वांकडा निघतो. तो वापरावयाचा असेल तर त्यालाही कांचेवर कार्बोरंडमच्या पुडीनें वेळोवेळीं सपाट करण्याची तयारी ठेवावी. ही तयारी नसेल तर तो घेऊं नये.

५. तीन दगडांची रीत. कांहींच साधन नसेल तर दोन निसणे एकमेकांवर घासण्याची चाल आहे. सारख्या आकाराचे दोन दगड असे घासले असतां वरचा खोलगट व खालचा फुगीर होण्याकडे कल असतो. दोन्ही एकमेकांस अगदीं नेमके बसतात, आणि तरीही एकही सपाट नसतो. तीन दगड घेऊन पहिला दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर, तिसरा पहिल्यावर असे आळीपाळीनें, व वरचा खालीं बदलून घासले, तर तिन्ही एकमेकांस बसण्यास तिन्ही सपाटच व्हावे लागतात. अशाच तीन पाटांच्या रीतीनें लोखंडाचे खरे सपाट पाट कसे करावे, यावर इंग्लंडांतील यंत्रकार जोसेफ व्हिटवर्थ यांनीं १८४० सालीं ग्लासगो येथें निबंध वाचला होता. ते पाट घासण्याऐवजीं खरवडून जुळवीत. तत्त्व मात्र एकच. ही रीत वेळ फार घेते, परंतु तिला दुसऱ्या कोणत्याही सपाट वस्तूचा आधार लागत नाहीं.

६. फरशी व वाळू. विहिरीच्या कांठावरील दगडावर किंवा शहाबादी फरशीवर वाळू टाकून निसणा घासणारे लोक आहेत. शहाबादी फरशी चुनखडीची असल्यानें मऊ असते व वाळूनें लवकर खड्डा धरते. फार खोल गेलेल्या निसण्याचा पहिला जाडा कांठ उतरविण्यापुरतीच ही रीत ठीक. शेवटची सपाटी तिच्यावर सोपवूं नये.

कोणत्या निसण्यास कोणतें साधन

साधन निवडतांना तीन प्रश्न विचारावे. साधन स्वतः सपाट आहे काय व किती दिवस तसें राहील? त्याचे कण या निसण्यास सोसतील काय? आणि निसणा किती वेळां सपाट करावा लागणार आहे?

कारखान्यांत केलेले पाण्याचे निसणे, विशेषतः १००० नंबरच्या आसपासचे, मऊ असतात व लवकर झिजतात. त्यांस वारंवार सपाट करावें लागतें. म्हणून हिरकणीची पाटी, साधारण १४० ते ३२५ नंबरची, सोयीची पडते. रोजच्या वापरांतील माणसानें हिच्यावर पैसे खर्च केले तर ते वायां जात नाहींत.

८००० नंबर व त्यापुढील शेवटची धार देणारे निसणे अतिशय बारीक असतात. त्यांच्यावर जाड्या पाटीनें नांगराच्या तासांसारख्या चऱ्या पडतात व धारेस त्रास देतात. त्यांस ३२५ ते ६०० नंबरची पाटी किंवा तितकाच बारीक वॉटर पेपर लावावा. बारीक निसणा बारीक पाटीवर कधीं कधीं पाण्याच्या पातळ थरानें घट्ट चिकटतो. तेव्हां ओढाताण न करतां वरून भरपूर पाणी सोडावें.

नैसर्गिक निसण्यांत बेल्जममधील आर्देन डोंगराळ भागांत निघणारा पिंवळसर कोटिक्यूल दगड वस्तऱ्यासाठीं प्रसिद्ध आहे. त्यांतील गार्नेट नांवाच्या खनिजाचे सूक्ष्म कण धार देतात. त्याचा थर पातळ असल्यानें पुष्कळदां तो दुसऱ्या पाटीच्या दगडावर चिकटवून विकतात. अशा दगडास शक्य तितकें कमी घासावें आणि बारीक कागद व कांच यांवरच काम भागवावें. अमेरिकेंतील आर्कान्सॉ संस्थानांतील नोव्हॅक्युलाइट दगड याच्या उलट: तो इतका कठीण असतो कीं हिरकणीची पाटीच त्यावर झिजते. त्यास कार्बोरंडमची सुटी पूड लावावी. एकदां सपाट केला कीं तो वर्षानुवर्षें तसाच राहतो, म्हणून मेहनत एकदांच पडते.

घरांतील जुन्या निसण्याची जात कळत नसेल तर प्रथम कांच व कागद यांनींच आरंभ करावा. कागदावर गढूळ पाणी लवकर उतरलें तर दगड मऊ समजावा व कागदानेंच काम पुरें करावें. बराच वेळ घासूनही रेघा हलल्या नाहींत तर दगड कठीण समजून पुडीकडे वळावें.

काम करतांना घ्यावयाची काळजी

सपाट करण्याचें काम नेहमीं पाण्यांतच करावें. कोरडें कधींही करूं नये. पुष्कळ निसण्यांत सिलिका असते. तिची कोरडी धूळ श्वासाबरोबर फुप्फुसांत जाऊन सिलिकोसिस नांवाचा असाध्य विकार जडवते. दगडाच्या खाणींतील व पाथरवटाच्या धंद्यांतील मजुरांस त्याचा फार उपद्रव होतो.

जाड्या साधनाकडून बारीक साधनाकडे जातांना निसणा, पाट व हात स्वच्छ धुवावे. जाडा एक कण राहिला तरी बारीक काम नासतें. दर थोड्या वेळानें निसण्याचीं टोकें अदलाबदल करावीं, म्हणजे हाताच्या दाबाचा पक्षपात एका बाजूस राहत नाहीं. शेवटीं निसण्याच्या चारी कडा किंचित उतरत्या कराव्या. तीक्ष्ण कडेचा टवका उडाला तर तो वस्तऱ्याखालीं सांपडून धारेस खांडा पाडतो. काम झाल्यावर निसणा सावलींत वाळवावा.

आणखी एक गोष्ट विषयास धरूनच आहे. वस्तरा ज्याचा त्यानेंच वापरावा. पुसून किंवा पाजवून वस्तरा निर्जंतुक होत नाहीं, आणि एकाच पात्यानें अनेकांची दाढी केल्यास रक्ताच्या संसर्गानें काविळीचे ब व क प्रकार आणि एच. आय. व्ही. पसरण्याचा धोका असतो. म्हणून नाभिक बंधूंनीं गिऱ्हाइकांसाठीं बदलतें पातें वापरावें हेंच योग्य. निसण्यावरचा वस्तरा हा स्वतःपुरता होय.

सारांश

निसणा कागदाच्या जाडीइतका आडवा खोल गेला कीं सपाट करावा, त्याहून आधीं नाहीं. दगडाच्या आधीं साधन तपासावें. थोडा वापर असेल तर जाड कांच व वॉटर पेपर यांहून अधिक कांहीं नको. रोजचा वापर व मऊ निसणे असतील तर हिरकणीची पाटी घ्यावी. कठीण दगडास सुटी पूड लावावी. आणि खरखरीत दगडावर त्याची परीक्षा केल्यावांचून विश्वास ठेवूं नये. हिरकणीची पाटी एकट्यास महाग वाटत असेल तर चार कलमवाल्यांनीं मिळून एक घेतली तरी चालतें. वर्षांतून ती प्रत्येकाच्या दारीं थोडेच दिवस लागते. वस्तरा सामायिक ठेवूं नये. पाटी आणि सरळ पट्टी मात्र खुशाल सामायिक ठेवावी.